स्वयंपाकघर कुठं गेलं?

२ एप्रिल

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल थंडीत वापरली, नारळाची चटणी झाली, डायरी तशीच राहिली. दिल्लीच्या मंत्रालयात दुसऱ्यांच्या फायलींवर इतकं लिहिलं की स्वतःबद्दल लिहायची सवयच लागली नाही. आता मात्र लिहिण्यासारखं घडतं आहे. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर या महिन्यात सोडायचं आहे आणि नोएडा एक्स्टेन्शनच्या फ्लॅटचा ताबा एकदाचा मिळाला आहे.

फ्लॅट बुक केला तेव्हा मी लतिकाला सांगितलं नव्हतं. ताबा मिळाल्यावर चावी तिच्या हातात ठेवायची आणि तिला चकित करायचं, असा बेत होता. बिल्डरनं इतकं रखडवलं की बेत बरीच वर्षं पोटात ठेवावा लागला. मागच्या महिन्यात चावी दिली, तशी ती चकित झालीही. चावी उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, "तिथं मेट्रो आहे का?"

मी म्हटलं, येणार आहे. सतराव्या मजल्यावरून सूर्योदय दिसतो तेही सांगितलं. तिनं मान हलवली आणि आत जाऊन कुकर लावला.

७ एप्रिल

सामान हलवायला कंपनी ठरली. स्वानंदीनं गुडगावहून फोनवरच शोधून दिली. "बाबा, रिव्ह्यूज एकदम अच्छे आहेत, टेन्शन नको घेऊस." आमची मुलगी दिल्लीतच वाढली, तिचं मराठी असंच आहे. मी नेहमीप्रमाणे सगळं लेखी मागितलं. बंद ट्रक, आठ माणसं, फर्निचरला फोम, काचेच्या सामानाला वेगळी खोकी, सगळं कबूल. फोनवरचा मुलगा मानस नावाचा, अतिशय नम्र. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बिल्कुल सर."

स्वयंपाकघर मात्र लतिका स्वतःच बांधणार आहे. कंपनीच्या माणसांनी हात लावायचा नाही असं तिनं बजावलं. मी मदत करतो म्हटलं तर नको म्हणाली.

घरात दोन आठवडे मसाल्याचा वास भरून राहिला आहे. करोल बागेतल्या कौशल्याताई मोघे येतात आणि दोघी मिळून काळा मसाला भाजतात. मोघ्यांचं घर करोल बागेत तीन पिढ्यांपासून आहे. मोघे गेल्यापासून बाई तिथं एकट्याच राहतात, लतिकाशी त्यांचं फार जमतं. एवढा मसाला कशाला, असं विचारलं तर लतिका म्हणाली, लागतो. आयएनए मार्केटातून ज्वारीच्या पिठाच्या गोणी आल्या आहेत. नोएडा एक्स्टेन्शनमध्ये आपल्याकडचं काही मिळणार नाही याचा तिनं आधीच विचार केलेला दिसतो.

१० एप्रिल

आज गॅलरीत दोन मोठी पातेली आणि एक परात दिसली. नवी कोरी. एवढ्या परातीत पन्नास माणसांची कणीक मळता येईल. लतिका कपडे वाळत घालत होती. म्हणाली, कौशल्याताईंच्या ओळखीनं मिळाली.

मी दिवसभर विचार केला आणि मग उलगडा झाला. स्वानंदीनं आईला काहीतरी सांगितलेलं असणार. लग्नाची तयारी आहे. संध्याकाळी स्वानंदीला फोन करून आडून आडून विचारलं. ती खूप हसली. म्हणाली, "बाबा, तू आईला डायरेक्ट विचार ना यार."

मी विचारणार नाही. त्यांना सांगायचं तेव्हा सांगतील.

१६ एप्रिल

काल सामान हललं. अंग मोडून आलं आहे, पण सगळं क्रमानं लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

सकाळी यायचं ते दुपार टळून गेल्यावर आले. बंद ट्रक नव्हता, दोन उघडे टेम्पो होते. आठ माणसं नव्हती, ड्रायव्हर धरून पाच होती. मानसला फोन केला तर म्हणाला, ट्रक दुसरीकडे अडकला, पण टीम एकदम एक्स्पर्ट आहे. फोम विचारला तर त्यांच्यातल्या एकानं आमच्याच चादरी आणि लतिकाच्या साड्या कपाटाभोवती गुंडाळल्या. मी माझ्याकडचा ईमेल दाखवला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. म्हणाला, आम्ही या कंपनीचे नाही, आम्हाला सकाळी फोन आला, आम्ही आलो.

मग कंपनीचे कोण, हे मला अजून समजलेलं नाही.

पहिल्या टेम्पोत फर्निचर चढलं. दुसऱ्यात अंथरुणं, पुस्तकं, टीव्ही आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराची खोकी आणि पातेली, हे मी स्वतः पाहिलं. या टेम्पोचा ड्रायव्हर धीरज, चाळिशीचा, अबोल माणूस. लतिका म्हणाली, "तुम्ही टॅक्सीनं पुढं व्हा. मी चावी परत देऊन मागून येते." मला ते पटलं. तिकडे कुणीतरी हवंच होतं.

तिकडे गेटवर पहिला टेम्पो अडवला. सोसायटीत संध्याकाळी सामान आत न्यायला परवानगी नाही. मी अर्ज दिलेला होता, पण गार्डकडे तो पोचलेला नव्हता. शेवटी आत सोडलं, तर माणसं वर चढवायला तयार होईनात. जास्तीचं मागू लागले. मी नाही म्हटल्यावर सगळं तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरवून निघून गेले. कपाटाचा एक दरवाजा निखळला आहे. आईच्या वेळचा आरसा होता, त्याचे तुकडे साडीतच गुंडाळलेले सापडले. साडीही गेली.

दुसरा टेम्पो फार उशिरा आला. लतिका ड्रायव्हरच्या शेजारी बसून आली. मला वाईट वाटलं, तिला टॅक्सी करता आली असती. टेम्पो अर्धा रिकामा होता. अंथरुणं, पुस्तकं, टीव्ही. बाकी काही नाही. मी धीरजला विचारलं, किचन का सामान?

तो म्हणाला, "साहब, वो तो मैडम ने..." तेवढ्यात लतिका मध्ये म्हणाली की त्याला आधी पाणी द्या, दुपारपासून उन्हात आहे. मी बाटली आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो सामान उतरवून निघालाही होता.

म्हणजे स्वयंपाकघर गेलं.

मी हादरलो होतो. लतिका मात्र शांत होती. म्हणाली, "मिळेल. कुठं जात नाही." संकटात ही बाई इतकी धीराची असेल असं मला माहीत नव्हतं.

१७ एप्रिल

सकाळपासून मानसला फोन. पहिल्यांदा जो मानस बोलला त्याचा आवाज कोवळा होता. दुपारचा मानस घोगऱ्या आवाजाचा. संध्याकाळच्या मानसचा तर हरियाणवी हेल होता. तिघंही म्हणाले, "सर, मैं मानस बोल रहा हूँ." तिघांनाही मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिसरा म्हणाला की आमच्याकडे तुमचं शिफ्टिंग यशस्वी झाल्याची नोंद आहे आणि मी आनंदी असल्याचंही लिहिलेलं आहे.

मी कधी आनंदी झालो?

महिपालपूरचा पत्ता बिलावर आहे. तिथं जाऊन आलो. त्या नंबरच्या दुकानात पाण्याच्या टाक्या विकतात. दुकानदार म्हणाला, तुम्ही या आठवड्यातले चौथे.

१८ एप्रिल

कौशल्याताईंचे गुडघे दुखतात. लतिका रोज मदतीला करोल बागेला जाणार आहे. सकाळी रिक्षानं मेट्रोपर्यंत आणि मग मेट्रो. फार लांब पडतं. मी म्हटलं, आपल्याच घरात शेगडीसुद्धा नाही आणि तू दुसऱ्यांच्या घरी कशाला खपतेस? ती म्हणाली, तिथं गरज आहे.

येताना डबा घेऊन आली. पिठलं, भाकरी, ठेचा. कौशल्याताईंच्या हातची भाकरी अगदी लतिकासारखी होते, हे मला आजच कळलं. तसं तिला सांगितलं. तिला ठसका लागला.

१९ एप्रिल

महत्त्वाचा शोध. पार्किंगमधून वर आणलेल्या सामानात एक खोकं आमचं नाही! वर मार्करनं "रसोई" लिहिलं आहे. लतिका "स्वयंपाकघर" लिहिते, "रसोई" लिहिणार नाही. उघडलं तर आत भांडी नाहीत. पडदे, भिंतीवरचे फोटो, आणि शाळेतल्या स्पर्धांची बक्षिसं. एका कपावर नाव आहे, सलोनी, नींबू दौड़, तृतीय. खाली पानिपतच्या शाळेचं नाव.

चित्र स्पष्ट आहे. या लोकांची आणि आमची खोकी कंपनीनं बदलली. आमचं स्वयंपाकघर पानिपतला गेलं.

शाळेत फोन केला. थोडी ओळख पटवल्यावर त्यांनी मुलीच्या वडिलांचा नंबर दिला. इंद्रजित नाव, हातमागाच्या चादरींचा व्यापार आहे. दिल्लीत दुकान काढलं होतं, चाललं नाही म्हणून याच आठवड्यात घर परत पानिपतला हलवलं. कंपनी हीच! खोक्याबद्दल ऐकून त्यांना फार आनंद झाला. आमच्या खोक्यांचं काही सांगता येत नाही म्हणाले, घरभर पसारा आहे, येऊन बघा.

लतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, इतक्या लांब जाऊ नका. तिथं नसेल ते." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, असंच वाटतं.

कौशल्याताईंनी फोनवर बजावलं, "विश्वासराव, जपून हं. आपल्या लोकांचा पानिपतचा अनुभव बरा नाही."

२१ एप्रिल

पानिपतला जाऊन आलो. खोकं मांडीवर घेऊन रेल्वेनं गेलो. इंद्रजित स्टेशनवर घ्यायला आले. सलोनी आता कॉलेजात आहे. कप बघून लाजली, पण लगेच आत नेऊन शोकेसमध्ये ठेवला.

आमचं काहीही तिथं नव्हतं. त्यांनी खरोखर सगळी खोकी उघडून दाखवली. उलट त्यांचाच फ्रीज आलेला नाही. त्यांनाही मानसनं सांगितलं आहे की ते आनंदी आहेत. आम्ही दोघांनी एकमेकांचे ईमेल वाचले. शब्दन् शब्द सारखे.

त्यांच्या मिसेसनी छोले-पुरी वाढली. खाता खाता त्यांनी विचारलं, माझी बायको काय म्हणते? तिला कुणावर संशय आहे? "रसोई तो उन्हीं की है ना."

मी आणखी एक पुरी घेतली. येताना गाडीत लक्षात आलं, मी लतिकाला काय वाटतं ते विचारलेलंच नाही. तिला त्रास होऊ नये म्हणूनच विचारलं नसणार. घरी आल्यावर विचारायचं ठरवलं होतं, पण ती दमून झोपली होती. हाताला भाजल्याचा डाग आहे. कौशल्याताईंनी दुसरी बाई ठेवावी, हे आता स्पष्ट सांगायला हवं.

२२ एप्रिल

दुपारी लतिकाचा फोन घरी राहिला होता. तो वाजला. कुणी मुलगी. "काकू, उद्यापासून अजून चौघी आहेत, चालतील ना?" मी म्हटलं, काकू नाहीत, कोण बोलतंय? तिनं फोन ठेवून दिला. चौघी कोण? लतिका म्हणाली, राँग नंबर असेल. राँग नंबरवाली मुलगी मराठीत काकू म्हणते, हे दिल्लीत जरा विचित्रच.

२३ एप्रिल

कोवळ्या आवाजाच्या मानसनं आज पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं सांगितलं. म्हणाला, सर, ड्रायव्हर ने ही किया होगा, ये लोग ऐसे ही होते हैं. मलाही मनातून तेच वाटत होतं. त्या दिवशी पाणीसुद्धा न पिता निघून गेला होता.

गेटच्या रजिस्टरमध्ये टेम्पोचा नंबर होता. पोलीस चौकीत जाऊन लेखी तक्रार दिली. मसुदा चांगला झाला, तिथल्या फौजदारांनी, म्हणजे दरोगाजींनीही तसं म्हटलं. ते म्हणाले, उद्या उचलतो.

लतिका उशिरा आली आणि आल्या आल्या झोपली. तिला सगळं मिळाल्यावरच सांगेन.

२४ एप्रिल

आज जे झालं ते कसं लिहावं कळत नाही.

दुपारी चौकीतून फोन आला. धीरजला आणलं आहे, टेम्पोही जप्त केला आहे. पण तो म्हणतो की सामान मॅडमनी करोल बागेत उतरवलं. मी दरोगाजींना सांगितलं की ही शुद्ध थाप आहे आणि एका सभ्य बाईचं नाव घेण्याची त्याची हिंमत कशी झाली. संताप आला होता. लतिका आज लवकर परतली होती, चहा करायला शेगडी नाही म्हणून बाहेरून चहा मागवला होता. तो घेता घेता मी तिला सगळं सांगितलं. तक्रार, टेम्पो, त्याची थाप.

तिनं कप खाली ठेवला. "अहो, तो खरं सांगतोय."

मला वाटलं तिला त्याची दया आली. म्हटलं, तू फार भोळी आहेस.

"मी भोळी नाही. मीच त्याला करोल बागेत न्यायला सांगितलं. कौशल्याताईंच्या खालच्या खोल्यांत. खोकी मी मोजून उतरवून घेतली."

मी विचारलं, का?

"कारण मला ती तिथं लागणार होती. आम्ही खानावळ सुरू केली आहे. यूपीएससीची मुलं येतात, आपल्याकडची. नांदेडची, धुळ्याची, सांगलीची. राजेंद्र नगरात राहतात आणि राजमा खाऊन कंटाळतात." हे सांगताना तिचा आवाज वेगळाच होता. असा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता, किंवा माझ्या लक्षात आला नव्हता.

मला राग आला होता की नाही, हे आत्ता लिहितानाही ठरवता येत नाही. मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? मी काय नाही म्हटलं असतं?

"काय म्हटलं असतंत ते मला माहीत नाही. सांगायला लागलं की तुमचं आधीच ठरलेलं असतं. फ्लॅटचं तुम्ही ठरवलंत. पातेली लग्नाची, हेही तुम्हीच ठरवलंत. स्वानंदीनं सांगितलं मला." मग जरा थांबून म्हणाली, "चार दिवसांत बस्तान बसलं की सांगणार होते. पण तुम्ही शोधायला लागलात. पानिपतला गेलात. मग रोज जास्तच अवघड होत गेलं. पण त्या माणसाला पकडवाल असं वाटलं नव्हतं. ते माझ्यामुळे झालं."

मी म्हटलं, सकाळी जाऊन सांगू.

"सकाळी कशाला? तो आत्ता बसलाय तिथं." ती चपला घालून दारात उभी होती.

२५ एप्रिल

काल चौकीतलं लिहायचं राहिलं.

धीरज बाकावर बसला होता. कुणी मारलेलं वगैरे नव्हतं, पण त्याची चप्पल एकाच पायात होती आणि दुसरी कुठं गेली ते त्यालाही सांगता येईना. दरोगाजींनी तक्रार मागे घेतल्याचं लिहून मागितलं. मी लिहायला बसलो. सामान मिल गया, इथपर्यंत लिहिलं. कहाँ मिला, तिथं पेन थांबलं. चोरीला गेलं नव्हतं, हरवलं नव्हतं, कुणी लपवलं होतं असंही म्हणता येईना. आयुष्यभर मसुदे लिहिले, हा जमेना. शेवटी लिहिलं, "घर में ही था."

दरोगाजींनी वाचलं. "कौन से घर में?"

मी लतिकाकडे पाहिलं. तिनं करोल बागेचा पत्ता सांगितला, त्यांनी तो लिहून घेतला.

धीरज सुटला तेव्हा लतिकानं त्याच्यापुढं हात जोडले. तो तिच्याकडे बघत राहिला. "मैडम, आप उसी दिन बोल देतीं तो क्या जाता?" मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मलाही काहीतरी ऐकवणार. पण तो फक्त म्हणाला की त्यानं त्या दिवशी मला सांगायचा प्रयत्न केला होता, मी पाणी आणायला गेलो. आणि टेम्पोकडे निघून गेला. लतिका त्याच्यामागं गेली, बराच वेळ काहीतरी बोलत होती. आज कळलं, खानावळीचा भाजीपाला आझादपूर मंडईतून आणशील का, असं ती त्याला विचारत होती. तो लगेच हो म्हणाला नाही. घरी विचारून सांगतो म्हणाला.

रिक्षात ती रडली. मी रिक्षावाल्याला सावकाश चालव म्हटलं.

२८ एप्रिल

कंपनीचा मेसेज आला. "आपकी शिकायत का समाधान हो गया है." आरसा फुटलेलाच आहे, कपाटाला दरवाजा नाही, इंद्रजितांचा फ्रीज अजून आलेला नाही. मी त्यांना फोन केला होता. म्हणाले, नवा घेतला. आमची खोकी मिळाली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. कुठं होती, असं विचारलं तेव्हा लाइन खराब असल्याचं सांगितलं. उगाच खोटं बोललो.

तीनही मानसांविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार करायची आहे. पण तिच्यात स्वयंपाकघराचा मुद्दा नसेल. एवढ्या आवेशानं मी ज्याच्यामागं धावलो तेवढंच नेमकं वगळायचं, हे मला पुन्हा पुन्हा चमत्कारिक वाटतं.

लतिका आता सोमवार ते शनिवार कौशल्याताईंकडेच राहते. सकाळी सहाला चूल पेटवावी लागते, इथून जमत नाही. रविवारी येते. हे आम्ही दोघांनी ठरवलं असं मी लिहिणार होतो. तिनं ठरवलं, मला सांगितलं.

४ मे

आज करोल बागेला गेलो. कौशल्याताईंच्या घराला एका बाजूला गाड्यांच्या सीटकव्हरची दुकानं आणि दुसऱ्या बाजूला सोनार. पाटी नाही, पण वासावरून सापडतं. हाच वास आमच्या घरात दोन आठवडे होता.

आत माझं स्वयंपाकघर होतं. आमचं. मला आमचा मसाल्याचा डबा लगेच ओळखता आला, पण इथं तो मोठा दिसत होता की लहान, हे सांगता येणार नाही. मुलं-मुली भिंतीला टेकून, मांडीवर छापील नोट्स ठेवून जेवत होती. पूर्वपरीक्षा जवळ आली आहे. लतिकाच्या कपाळावर पीठ लागलेलं. ती एकाला ओरडली की आमटी टाकायची नाही, दुसरीला विचारलं की ताप उतरला का. नुकतीच ओळख झालेल्या बाईची घ्यावी तशी मी तिची गाठ घेतली. म्हणजे तिनंच घेतली, "बसा" म्हणून.

कुठं बसावं ते कळेना. तेजश्री नावाच्या मुलीनं जागा करून दिली. धाराशिवची, तिसरा प्रयत्न आहे. आवाज ओळखीचा वाटला. "काका, त्या दिवशी फोन ठेवून दिला, सॉरी. काकूंनी सांगितलं होतं की काका सामान शोधतायत, त्यांना आत्ता काही सांगू नका." मग म्हणाली, "फेब्रुवारीत मी बॅग भरली होती. परत जाणार होते. काकू तेव्हा कौशल्याकाकूंच्या शेगडीवरच आम्हा सहा जणींचं करायच्या."

फेब्रुवारीत. म्हणजे मी चावी देण्याच्या आधीपासून.

मी तिच्याकडून हे ऐकलं याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, ते ठरलेलं नाही. भाकरी दोन खाल्ल्या. ताट स्वतः घासून ठेवायचं असतं, ते मला कौशल्याताईंनी सांगितलं.

९ मे

सकाळी सूर्योदय पाहिला. खरोखरच सतराव्या मजल्यावरून छान दिसतो. बिल्डरच्या जाहिरातीत होता तसाच. पाहून झाल्यावर काय करायचं ते सुचलं नाही. लक्ष्मीबाई नगरात त्या वेळी दूधवाला यायचा, शेजारचे शर्मा फिरायला हाक मारायचे. इथं लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कुणाचं नावही मला माहीत नाही.

स्वानंदीचा फोन आला. मी विचारलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं? म्हणाली, "हो ना बाबा. मी आईला किती वेळा म्हटलं, बता दे. ती म्हणायची, तो विचारेल तेव्हा." मी म्हटलं, मी तर रोज विचारत होतो, सामान कुठं गेलं म्हणून. ती म्हणाली, "ते तू मानसला विचारत होतास, बाबा."

मग दुपारी, जेवणाची गर्दी ओसरली असेल असा अंदाज घेऊन, लतिकाला फोन लावला. तिनं विचारलं, काही झालं का, कपाटवाला आला का. मी म्हटलं, नाही.

मी आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. मंडईचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा, मुलांना निबंधाचं मराठी तपासून देता येईल, अशी बरीच कारणं. ती काही वाचली नाहीत.

म्हटलं, "लतिका, मी तिकडे राहायला आलो तर चालेल का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. कौशल्याताई कुणाशी तरी मिठावरून वाद घालत होत्या.

मग ती म्हणाली, "विचार करून सांगते."

"हो, सांग," म्हटलं मी. "घाई नाही."

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, धीरज संध्याकाळी तिकडच्या बाजूला येणार आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवते.

माळ्यावरून एक बॅग काढून ठेवली आहे. भरलेली नाही.